सर्वांना सारखे म्हणजेच न्याय का?



जून महिना उजाडला की चोपड्याच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे आणि रेनकोट घेणाऱ्यांची गर्दी होते. त्याच दिवसांत काही आईवडील मात्र एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हेलपाटे घालत असतात. त्यांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात ती अवस्था असते. त्यांना उघडपणे ‘नाही’ असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण तसे म्हणणे कायद्यात बसत नाही हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यांना सांगितले जाते, ‘‘मुलगा गोड आहे हो तुमचा. पण एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. आणि बाकीच्या पन्नास मुलांच्या अभ्यासाचे काय?’’

ही वाक्ये पळवाट म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण आम्हांला ते योग्य वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात काहीही असो, ही दोन्ही नीतीची वाक्ये आहेत. पहिले समानतेविषयी बोलते, दुसरे बहुसंख्यांच्या हिताविषयी. चांगली माणसेही ती मनापासून बोलतात. म्हणून ती तपासून पाहायला हवीत.

त्याआधी ही अवस्था काय आहे हे थोडक्यात पाहू. ‘ऑटिझम’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1911 च्या सुमारास वापरात आणला, तोही वेगळ्याच आजाराच्या संदर्भात. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. पुढे 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि लहान मुलांमधील या अवस्थेला ते नाव चिकटले. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे मोठमोठे डॉक्टर सांगत राहिले की आईने माया केली नाही, आई ‘थंड’ होती, म्हणून मूल असे झाले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने 1964 साली ते मत खोडून काढले. ते स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. आज आपल्याला माहीत आहे की हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या मायेशी त्याचा काही संबंध नाही. लसीमुळे असे होते, असे सुचवणारा 1998 सालचा लेखही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

आपल्याकडे दोष ठेवायला डॉक्टरांची गरज पडत नाही. ‘‘पोऱ्याले नजर लागनी’’ इथपासून ‘‘आईने ग्रहण पाळले नाही’’ इथपर्यंत सगळे घरच्या घरी ठरते आणि बोट शेवटी आईकडेच वळते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे. प्रभूने दोन्हींपैकी एकही उत्तर निवडले नाही, तो प्रश्नच नाकारला. तरी आपण अजून तोच प्रश्न विचारत आहोत.

‘स्वमग्न’ या शब्दाविषयीही आमची थोडी तक्रार आहे. शब्द सुंदर आहे, पण दिशाभूल करतो. ऐकणाऱ्याला वाटते, मूल स्वतःतच दंग आहे, त्याला आपली गरज नाही. प्रत्यक्षात यातली कितीतरी मुले मैत्रीसाठी आसुसलेली असतात, पण ती मागायची कशी ते त्यांना उमगत नाही. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 साली एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचे मन कुठे कळते? समजुतीची दरी दोन काठांची असते. आपण मात्र पूल बांधायचे सगळे काम एका सहा वर्षांच्या मुलावर टाकतो.

आता वर्गात जाऊ. घंटा वाजते. आपल्याला ती नुसती घंटा असते, या मुलाला ती कानात खिळा ठोकल्यासारखी लागते. तो कान झाकतो, कधी किंचाळतो. एप्रिलच्या उन्हात छताचा पंखा खडखड करत फिरतो, आणि त्याला त्या आवाजापुढे बाईंचा आवाज ऐकूच येत नाही. दुपारची खिचडी त्याच्या जिभेला सोसवत नाही. बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या म्हणून गणिताच्या तासाला अचानक चित्रकला होते, इतर मुले आनंदाने ओरडतात, आणि याचा दिवस विस्कटतो. गुरुजी रागावून विचारतात, ‘‘काय रे, झोपला होतास का?’’ तो सरळपणे उत्तर देतो, ‘‘नाही, मी जागा होतो.’’ वर्ग हसतो. गुरुजींना तो उद्धटपणा वाटतो. मुलाने तर विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिलेले असते!

यावर जे उपाय आहेत ते फार खर्चाचे नाहीत. दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी फळ्याच्या कोपऱ्यात काढावे. बदल होणार असेल तर आधी सांगावे. टोमणा न मारता छोटे, थेट वाक्य बोलावे. घंटेपासून आणि पंख्यापासून दूरची जागा द्यावी. असह्य झाले तर पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊन बसण्याची मुभा असावी. बोलता न येणाऱ्या मुलाला चित्रांची कार्डे दाखवून हवे ते मागू द्यावे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळावा. शिक्षकांना हे शिकवले तर जमते. पण यातल्या प्रत्येक गोष्टीवर पहिला आक्षेप येतो तो हाच, की मग सगळ्यांनाच द्यावे लागेल.

येथे थोडे तत्त्वज्ञान आणावे लागते. तापीपलीकडे अमळनेरला 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेव्हा हा विषय आपल्या खानदेशाला परका नाही. वाचकांनी ॲरिस्टॉटलचे नाव पाहून पान उलटू नये. ॲरिस्टॉटल म्हणतो की नियम सर्वांसाठी म्हणून केलेला असतो, आणि म्हणूनच काही ठिकाणी तो तोकडा पडतो. तेथे न्याय कसा करावा हे सांगताना त्याने लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिला आहे. ते गवंडी शिशाची पट्टी वापरीत. लोखंडी पट्टी दगडावर ठेवली तर दगड वाकडा ठरतो. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, आणि मगच दगडाचे खरे माप मिळते. ध्यानात घ्यावे, की वाकली तरी पट्टी पट्टीच राहते, ती मोजायचे सोडत नाही. नियम माणसाच्या आकाराप्रमाणे वाकवणे म्हणजे तो मोडणे नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा गुण न्यायातच मोडतो असे म्हटले, न्यायाला दिलेली बगल म्हणून त्याकडे पाहिले नाही.

हे सांगायला ग्रीसपर्यंत जायलाच हवे असे नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी साठलेल्या ओलीवर येते, केळीला मात्र सतत पाणी लागते. दोन्ही करणारा शेतकरी केळीला ठिबक लावतो. त्याने केळीचे लाड केले, दादरवर अन्याय केला, असे कोणी म्हणत नाही. सारखे पाणी दिले असते तर एक पीक सडले असते नाहीतर दुसरे वाळले असते. मूल म्हणजे पीक नव्हे, हे आम्हीही जाणतो, आणि दाखला फार ताणण्यात अर्थ नाही. पण सारखेपणा आणि न्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे त्यातून दिसावे. जादा वेळ प्रत्येकाला द्यावा लागत नाही, ज्याला गरज आहे त्यालाच द्यावा लागतो. उद्या दुसऱ्या एखाद्याला तशीच गरज असेल, तर त्यालाही द्यावा. त्यात घाबरण्यासारखे काय आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक शिक्षक, पन्नास मुले, त्यातला एक किंचाळत असेल तर उरलेल्या एकोणपन्नासांचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला निष्ठुर म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. अशा वेळी आपल्याकडे साने गुरुजींचे नाव काढण्याची पद्धत आहे. त्यांनी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिकवले आणि मुलांचे आईसारखे केले, हे खरेच आहे. पण प्रत्येक वर्गात एक साने गुरुजी असल्याशिवाय जी व्यवस्था चालत नाही, तिला व्यवस्था कसे म्हणावे? शिक्षकाच्या चांगुलपणावर जबाबदारी ढकलून आपण सगळे मोकळे होतो.

कायदा काय म्हणतो? 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांमध्ये त्याचा समावेश करून सर्वसमावेशक शिक्षण हे शाळांचे कर्तव्य ठरवले. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण सांगितले. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले. महाराष्ट्राने 2024 साली केंद्रस्तरावर एक याप्रमाणे 4,860 विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली. हे स्वागतार्ह आहे. पण एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. त्या एका शिक्षकाने सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या शाळा कधी गाठायच्या आणि गावातल्या कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 127 माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. त्या हिशेबाने हजार मुलांच्या शाळेत अशी सात-आठ मुले असणार. ती आपल्याला दिसत नसतील, तर ती कुठे आहेत हे विचारायला हवे. काही ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर आहेत, काही ‘वाह्यात’ म्हणून वर्गाबाहेर, आणि काही घरात दार लावून.

म्हणजे एकोणपन्नासांचे नुकसान त्या एका मुलामुळे होत नाही. दुसरा मदतनीस वर्गात नाही, म्हणून ते होते. नुकसान खरे आहे, पण त्याचे बिल चुकीच्या घरी पाठवले जाते.

काही ठिकाणी तर ते बिल थेट आईच्या हातात देतात. प्रवेश मिळतो, पण अट असते की आईने दिवसभर शाळेत थांबायचे. ती व्हरांड्यात किंवा लिंबाच्या सावलीत बसून राहते, आवाज आला की वर्गात धावते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडते. मोठी बहीण त्याच शाळेत असेल तर तिला तिच्या वर्गातून उठवून भावाला शांत करायला पाठवतात. तिचा बुडालेला तास कोणत्याच हजेरीपटावर लिहिला जात नाही. आणि हे कुटुंब शाळेचे आभार मानत राहते! दया स्वीकारणाऱ्याला आभार मानावे लागतात, हक्काचे घेणाऱ्याला लागत नाहीत. आम्ही दयेच्या विरोधात कसे असू? पण जेथे देणे लागते तेथे दान दिल्याचा आव आणणे बरे नव्हे.

प्रत्येक ऑटिस्टिक मूल सर्वसाधारण शाळेतच असले पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. काहींना खूप आधार लागतो, आणि चांगली विशेष शाळा त्यांच्यासाठी अधिक सुखाची ठरू शकते. 2016 चा कायदाही 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा यांतून निवडू देतो. निवड मुलाच्या हिताकडे पाहून व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. शाळेला अडचण होते म्हणून जी होते, तिला निवड म्हणता येत नाही. आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पालकाला विशेष शाळेचे नाव सांगून बोळवताना, ती किती कोसांवर आहे आणि रोज तिथे कसे जायचे, हेही सांगावे.

आपल्या मंदिरातही हा प्रश्न येतोच. रविवारच्या मिस्सात एखादे मूल मोठ्याने आवाज काढते, हात फडफडवते, आणि आठ-दहा माना मागे वळतात. आई त्याला घेऊन बाहेर जाते. काही आठवड्यांनी ते कुटुंब यायचेच थांबते. लाऊडस्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवणे आणि मान न वळवणे, या दोन गोष्टींना कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

ज्या पालकांना या जूनमध्ये प्रवेशाची अडचण येत आहे, त्यांनी तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. तो लेखी मागावा. सहसा कोणी तो लिहून द्यायला धजत नाही. दिला तर तो घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे, आणि गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर त्याचा अर्ज आधी करावा, कारण परीक्षेतल्या सवलतींना ते लागते. अर्ज लिहायला मदत हवी असल्यास मिस्सानंतर आम्हांला भेटावे. मुलाला बरोबर आणले तरी चालेल.