विश्वासू कोणाला म्हणावे?

धर्मग्रामाचा कारभार एकट्या धर्मगुरूच्या हातून होत नाही. सणाची वर्गणी, गरजूंना द्यावयाची मदत, दफनभूमीची देखभाल, मुलांचे धर्मशिक्षण, अशा प्रत्येक कामासाठी कोणावर तरी विसंबावे लागते. ते कोणावर, हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना नेहमीच पडतो.

निर्गम ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात हाच प्रश्न मोशेपुढे उभा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा लोकांचे तंटे सोडवीत बसतो. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो आणि बजावतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमावेत, असे तो सुचवितो. ते नायक कर्तबगार, देवाचे भय बाळगणारे, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेले असावेत. त्यांनी मोशेच्या होला हो म्हणावे, अशी अट मात्र इथ्रो घालीत नाही.

आम्ही नेमका तोच गुण प्रथम शोधतो. तरुणपणी एका धर्मग्रामात रुजू झालो तेव्हा सणाच्या हिशेबासाठी आम्ही एक गृहस्थ निवडले. ते रोज मिस्सेला पहिल्या बाकावर असत आणि आमचा शब्द कधी खाली पडू देत नसत. दुसरे एक गृहस्थ दरवर्षी सभेत उठून पावत्या मागत. त्यांना आम्ही भांडखोर ठरवून दूर ठेवले. दोन वर्षांनी जमाखर्च जुळेना. पैसे कोणी खाल्ले नव्हते, घाईघाईत दिलेल्या रकमांची नोंद राहून गेली होती. पण गावात कुजबुज सुरू झाली आणि त्या भल्या माणसाने चर्चची पायरी चढणे सोडले. आम्ही त्यांच्यावर विश्वास टाकला, असे आम्हांला वाटत होते. वास्तविक आम्ही केवळ ओझे टाकले होते, तेही एकट्याच्या खांद्यावर.

आपल्या माणसांचा मोह थोरांनाही आवरत नाही. शमुवेलाने उतारवयात आपल्याच मुलांना न्यायाधीश नेमले. त्यांनी लाच घेतली, न्याय विकला आणि लोकांनी वैतागून राजा मागितला. संत पौलाने वेगळा मार्ग धरला. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या निधीच्या कामी तीताबरोबर त्याने ख्रिस्तमंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठविला. व्यवहार देवाप्रमाणे माणसांपुढेही स्वच्छ दिसावा, हा त्याचा हेतू. तीतावर त्याचा अविश्वास होता काय? मुळीच नाही. दुसऱ्याच्या सोबतीने तीताचे नावच सुरक्षित राहिले. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरविली, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, याहूनही पुढे जातो. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषक भाविकांची तक्रार होती. प्रेषितांनी तक्रारखोर म्हणून त्यांना झिडकारले नाही. सर्वांनी मिळून चांगल्या नावलौकिकाचे, आत्म्याने व ज्ञानाने परिपूर्ण असे सात पुरुष निवडावेत, असे त्यांनी सांगितले. स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातीलच माणसांच्या हाती वाटप सोपविले गेले.

हे उमगले तेव्हा आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. सभेतही चूक आमची होती, असे सांगितले. वही पावत्या मागणाऱ्या गृहस्थांकडे दिली आणि सोबतीला आणखी दोघे दिले. काही महिन्यांनी ते पहिले गृहस्थ पुन्हा मिस्सेला येऊ लागले. बसत मात्र शेवटच्या बाकावर.

विश्वासू माणूस हिशेब मागितला म्हणून रागावत नाही, आणि त्याला निवडणाऱ्याने हिशेब मागण्यास लाजू नये. घरात, संस्थेत वा धर्मग्रामात कोणाच्या हाती किल्ली देताना आपण एवढे स्वतःला विचारावे: हा आपल्याला आवडतो म्हणून देतो आहोत, की आपले चुकले तर तसे तोंडावर सांगेल म्हणून?