फोटो काढण्याआधी

डोंबिवली स्टेशनबाहेर झोपलेली माणसे आपण रोज पाहतो. आपल्यातले तरुण म्हणतात, ॲप काढू या; फोटो काढून जागा कळवली की मदत येईल. दिल्लीत मागच्या दशकात सरकारी निवारा मंडळाने असे ॲप काढलेही. हेतू चांगलाच. पण कोणाच्या झोपायच्या खोलीत शिरून आपण फोटो काढू का? यांच्या खोलीला भिंती नाहीत, एवढेच.

आणि कळवून पुढे काय? शहरात दर लाख लोकांमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बजावले. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. म्हणजे बारा निवारे. खाटच नसेल तर ॲप ‘जागा नाही’ एवढेच सांगणार.

मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्याच्याशी बोलून त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले. बरा झाल्यावर कळले, तो आंध्रचा, चांगला शिकलेला. त्यातूनच १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ संस्था उभी राहिली; आपल्याच लोकल मार्गावर, कर्जतला तिचे केंद्र आहे.

तेव्हा आपल्या ॲपचे पहिले बटण फोटोचे नको. नाव विचारल्यावरच पुढचे पान उघडावे. आणि तो ‘नको’ म्हणाला, तर तेही लिहायला जागा हवी.