अस्सल आणि नक्कल

रानशेतच्या आमच्या घरी परवा वहिनींनी, जुन्या जीनच्या विजारीचे पाय उसवून, आत लुगड्याचे अस्तर घालून, एका विख्यात फ्रेंच पेढीच्या नमुन्याबरहुकूम हातपिशवी शिवावयास घेतली, तेव्हा अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा दप्तरी प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. ती पेढी म्हणजे हेर्मेस, १८३७ पासून घोड्यांचा साज करणारी. वहिनींचा नमुना, म्हणजे तिची ‘बर्किन’ पिशवी, १९८४ सालची. आणि तिचा प्रख्यात टाका, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून त्या एकाच भोकातून समोरासमोर काढण्याचा, खोगीर शिवणाऱ्यांचाच. एक बाजू तुटली तरी दुसरी तग धरते. चार पदर एकत्र येताच वहिनींच्या यंत्राची सुई कडकन मोडली. मग दाभणाने भोके पाडून त्यांनी नेमका तोच टाका हाताने घातला, तोही कोणी न शिकवता!

दर्शनी भागावर त्यांनी पांढऱ्या रंगाने तारपा हे वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाचणाऱ्यांचा फेर रेखाटला. भिंतीवरची ही वारली कला कागदावर नेऊन जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा म्हसे आमच्याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे; २०११ साली ते पद्मश्रीने गौरविले गेले. उलट, २०२५ साली मिलानमध्ये प्राडा या फॅशनपेढीने कोल्हापुरी घाटाच्या वहाणा मूळ न सांगता मांडल्या, आणि त्यांच्या उगमाची कबुली गदारोळ उठल्यावर दिली.

पिशवीला लावायच्या पितळी कुलपाची तजवीज काही झाली नाही. वहिनींनी नारळाच्या करवंटीचे बटण लावले, आणि काल ती पिशवी डहाणूच्या बाजारातून सुके बोंबील घेऊन आली.