न येणाऱ्या चेंडूसाठी

साल २०१३, जुलै सरत आलेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मॅनकेटो गाव. तिथल्या विद्यापीठाच्या मैदानावर व्हायकिंग्ज संघाचं सराव शिबिर भरलं आहे. मन तिथं न्या आणि कडेच्या गवतावर बसू द्या. हा आपला पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. इथं चेंडू फेकतात, झेलतात आणि छातीशी धरून पळतात.

शिबिरात नव्वदच्या आसपास खेळाडू असतात. ऑगस्ट संपता संपता ५३ उरतात. त्यात चेंडू झेलणारे रिसीव्हर पाच-सहाच.

त्यांच्यातल्या एकाकडे सावकाश पाहा. ॲडम थीलन. एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, सात फेऱ्यांत २५४ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. मग चाचणीतून त्याला करार मिळाला. तो याच विद्यापीठाकडून खेळलेला. मैदान घरचं होतं, जागा मात्र कुठंच ठरलेली नव्हती.

आता त्याच्यासारख्या कुठल्याही नवख्याची एकच धाव मनात धरा. चेंडू हलला. चार-पाच जण आपापल्या आखलेल्या वाटेनं, म्हणजे रूटनं, सुटले. आपला गडी बारा यार्ड सरळ गेला, पाय रोवून आत वळला. पण चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, म्हणजे क्वार्टरबॅकनं, तो पलीकडच्या बाजूला फेकला. बहुतेक धावा अशाच असतात. चेंडू एक, धावणारे अनेक.

इथं थोडं थांबा. चेंडू आपल्याकडे येणार नाही याचा अंदाज त्याला कधीकधी आधीच असतो. मग तो जीव तोडून का धावतो? तो रेंगाळला तर त्याच्यावरचा बचावपटू ते लगेच ओळखेल आणि त्याला सोडून चेंडूच्या दिशेनं जाईल. तो पूर्ण वेगानं गेला, तर बचावपटूला त्याच्यामागे जावंच लागतं आणि पलीकडे जागा मोकळी होते. त्या जागेत झेल घेतो दुसराच. आणि तो दुसरा कोण, तर त्याच पाच-सहा जागांपैकी एकीवर डोळा असलेला प्रतिस्पर्धी!

हे घाईनं ओलांडू नका. आपल्या पळण्यानं दुसऱ्याचा झेल सोपा होतो, टाळ्या त्याला मिळतात, कदाचित नोकरीही. संध्याकाळी प्रशिक्षक चित्रफीत लावतात तेव्हा झेल सगळ्यांनाच दिसतो. बारा यार्डांऐवजी दहावरच कोण वळला, हे मात्र पाहणाऱ्यालाच दिसतं. तुमच्या कामात अशी धाव कुठली, ते मनाशी विचारा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

थीलनचं पुढं काय झालं? त्या ऑगस्टमध्ये त्याला वगळलं आणि सराव पथकात ठेवलं. पुढच्या वर्षी तो संघात आला, तोही आधी किकच्या वेळी धावून जाणाऱ्या तुकडीतून. तिथं रिसीव्हरला चेंडू जवळपास मिळतच नाही. २०१८ मध्ये मोसमाच्या पहिल्या आठही सामन्यांत त्यानं प्रत्येकी शंभर यार्डांहून अधिक मजल मारली.

पण मला अशा गोष्टींचा जरा संशय येतो. नाव झालेल्याचीच गोष्ट आपल्याला कळते, म्हणून त्याच्या कष्टाला फळ आलं असं वाटतं. तितकीच नेमकी धाव घेऊन घरी गेलेले कितीतरी असतील. म्हणून थीलनला आता बाजूला ठेवा आणि ज्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही अशा एका रिसीव्हरला मनात आणा.

त्याला वगळल्याचा निरोप मिळाला आहे. त्यानं खेळांच्या आखणीची वही परत केली आहे. नियमानुसार आता साधारण एक दिवस लीगमधल्या इतर ३१ संघांना त्याच्यावर दावा सांगता येतो. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांच्या चित्रफिती त्या सगळ्यांकडे आहेत, आणि ज्यांत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही त्या धावाही त्यांत आहेत.