मला कशासाठी पाठवलं आहे?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्यातलाच एक तरुण थांबला. सगळे पांगल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "फादर, माह्या हातून काही चांगलं होनं देवानं लिहिलं हाय, का नाही?" तीन वर्षं तो भरतीच्या मागे होता. यवतमाळ झालं, नागपूर झालं. आता वय निघत आलं आणि तो वडिलांच्या पऱ्हाटीत परतला आहे. मी घाईत होतो, दुसऱ्या गावी मिस्सा होती. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "देवाची प्रत्येकासाठी योजना असते." तो "बरं, फादर" म्हणाला आणि गेला.

वाटेत माझं मलाच वाईट वाटलं. त्याने प्रश्न विचारला होता आणि मी त्याला एक पाठ केलेलं वाक्य दिलं होतं. राहिलेलं उत्तर आज त्याच्या परवानगीने इथे लिहीत आहे. त्याच्यासारखे आपल्या धर्मग्रामात आणखीही आहेत, हे मला ठाऊक आहे.

'देवाची योजना' हे शब्द आपण असे वापरतो, जणू देवाने प्रत्येकाचा एक नकाशा काढून ठेवला आहे. तो शोधायचा आणि त्याप्रमाणे चालायचं. एक वळण चुकलं की पुढचा सगळा रस्ता चुकला. हे खरं मानलं तर भरतीत राहिलेला मुलगा, संसार मोडलेली मुलगी, कर्जात बुडालेला बाप ही सगळी माणसं कायमची वाट चुकलेली ठरतात. मुलांपासून नकाशा लपवून ठेवायचा आणि वर त्यांनाच दोष द्यायचा, असा देव येशूने आपल्याला दाखवलेला पिता असू शकत नाही.

दुसरं टोक आजकाल जास्त ऐकू येतं. आयुष्याचं ध्येय ज्याचं त्याने ठरवायचं, बाकी कोणी हाक मारत नाही, असं ते सांगतं. या विचारात हिंमत आहे. पण जे मीच ठरवलं आणि उद्या मीच बदललं, त्याला माझ्या आवडीपलीकडे काय वजन? शिवाय रोजीने कापूस वेचणाऱ्या बाईला ध्येय निवडायला सवड कुठे असते? निवडीची चैन ज्यांना परवडते त्यांचंच जगणं अर्थपूर्ण, असं आपण म्हणणार का?

पाचारण म्हणजे हाक. हाकेला दोन बाजू असतात: मारणारा आणि ओ देणारा. म्हणून ती आधी लिहून ठेवलेली नसते, आणि आपली आपण तयारही करता येत नाही.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला तो माणूस आठवा. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा. येशूने त्याला बरं केलं. येशू नावेत बसू लागला तेव्हा त्याने विनंती केली की मलाही तुमच्यासोबत येऊ द्या. इतर ठिकाणी 'माझ्यामागे ये' म्हणणाऱ्या येशूने याला मात्र घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवलं आणि देवाने काय केलं ते सांगायला सांगितलं. त्याला प्रेषित व्हायचं होतं, आणि तो झालाही, पण ज्या गावाला त्याची लाज वाटत होती त्याच गावात. पुढे पाहा. त्या वेळी त्या भागातल्या लोकांनी येशूला निघून जाण्याची विनवणी केली होती. सातव्या अध्यायात येशू पुन्हा दकापलीसमध्ये येतो, तेव्हा लोक स्वतःहून एका बहिऱ्या माणसाला त्याच्याकडे घेऊन येतात. मधल्या काळात काय घडलं? मला वाटतं, एक माणूस घरी गेला होता.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की वरोरा येतं. तिथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील होते, आपल्याला ते बाबा आमटे म्हणून ठाऊक आहेत. आपण कशालाच भीत नाही, असं त्यांना वाटत असे. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला त्यांना कुष्ठरोगाने झडलेला एक माणूस पडलेला दिसला. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरून तिथून पळाले. पण घरी त्यांना चैन पडेना. ते परत गेले आणि त्या माणसाची शेवटपर्यंत सेवा केली. पुढे कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि आनंदवन उभं राहिलं.

बाबा ख्रिस्ती नव्हते. पण असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट माहीत असलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल. फ्रान्सिसलाही कुष्ठरोग्यांची किळस येत असे. १२२६ मध्ये मृत्यूच्या आधी सांगून लिहवून घेतलेल्या मृत्युपत्रात तो आपल्या परिवर्तनाची सुरुवात कुष्ठरोग्यांच्या भेटीपासून सांगतो. दोघांनाही हाक ऐकू आली ती जिथून पळून जावंसं वाटत होतं तिथून. दोघांपैकी कोणालाही आधी नकाशा मिळाला नव्हता. समोर एक माणूस होता, एवढंच.

पण इथे एक सावधगिरी हवी. समोर दिसणारी प्रत्येक गरज म्हणजे माझंच पाचारण, असं मानलं तर माणूस सहा महिन्यांत थकेल आणि घरच्यांवर चिडू लागेल. आपल्या झरी जामणी तालुक्यात गरजांना तोटा नाही. कोलाम पोडांवर आहेत, कर्जात अडकलेल्या घरांत आहेत. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोण विसरेल? सगळं एकट्याने उचलायला देव कोणालाच सांगत नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतो की कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. म्हणून विवेक हवा. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ही गरज माझ्या खरोखर वाटेत आहे का? ती भागवण्यासाठी थोडंफार काही माझ्या हातात आहे का? आणि ते काम केल्यावर, थकवा असला तरी, मन शांत राहतं का, की फक्त माझं नाव झाल्याचं समाधान उरतं?

आणि काम मोठंच असलं पाहिजे, असंही नाही. साधनाताई आमटे नसत्या तर आनंदवन उभं राहिलं असतं का? १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट सांगितलं की पवित्रतेचं पाचारण धर्मगुरू आणि व्रतस्थांपुरतं नाही, ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे, आपापल्या संसारात आणि कामात. स्नानसंस्काराच्या वेळी आपण सगळेच पाठवले गेलो आहोत.

मग ज्याची वाट मोडली त्याचं काय? शेतकऱ्याला हे मी काय सांगावं! पेरणी झाली, पावसाने दडी मारली, बी जळून गेलं, की दुबार पेरणी करावी लागते. तिचा खर्च असतो, कर्ज असतं, रडू येतं. ते दुःख गोड शब्दांनी झाकू नये. मी त्या रविवारी तेच केलं. पण दुबार पेरलेलं पीक खोटं नसतं. जमीन तीच असते. देवही तोच असतो आणि तो पुन्हा हाक मारतो.

मागच्या आठवड्यात मी त्या तरुणाच्या घरी गेलो. अंगणात एक म्हातारी मावशी बसली होती, आणि तो तिचा निराधार योजनेचा अर्ज भरून देत होता. तीन वर्षं अर्ज भरून भरून त्याला कुठे काय लिहायचं ते पाठ झालं आहे. मी विचारलं, "असे किती भरले?" तो म्हणाला, "मोजले नाही, फादर." नोकरीची आशा त्याने सोडलेली नाही, आणि सोडूही नये. मी त्याच्याही नोकरीसाठी प्रार्थना करतो. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच मांडीवर होतं, एवढं मी त्याला या वेळी बसून सांगितलं.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने रात्री झोपण्याआधी थोडा वेळ शांत बसावं आणि विचारावं: आज माझ्या वाटेत कोण आलं होतं, आणि मी कुणाला टाळून पुढे गेलो? उत्तर सापडलं, तर सकाळी परत जायला लाजू नये.

प्रभू आपणा सर्वांना त्याची हाक ऐकण्याची कृपा देवो.

आपला,
धर्मगुरू