झुरळ पाळावें काय?

एखाद्या माणसाशीं असलेला संबंध समूळ तोडून टाकला म्हणजे त्यास झुरळासारखें झटकून टाकलें, असें आपण मराठींत म्हणतों. झुरळाविषयींचा आमच्या समाजाचा सगळा विचार या एका वाक्प्रचारांत सांठविलेला आहे. कुत्र्याच्या इमानाचे, मुंगीच्या उद्योगाचे आणि कोळ्याच्या चिकाटीचे दाखले आपण मुलांस देतों. झुरळापासून घ्यावयाचा धडा मात्र आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. अशा प्राण्यास कोणी हौसेनें पाळतो आणि त्याची पैदासही करतो, हें ऐकून आमचे पुष्कळ वाचक नाक मुरडतील. परंतु ज्या गोष्टीनें नाक मुरडलें जातें तींतच कधीं कधीं मोठा प्रश्न दडलेला असतो. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

भिवंडी हें यंत्रमागांचें, आणि आतां गुदामांचेंही, गांव. तेथें आमच्या एका स्नेह्यांचा मागांचा लहानसा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यांत त्यांच्या घरीं गेलों असतां पुढल्या खोलींत एक कांचेची पेटी दिसली. तळाशीं लाकडाचा भुसा, त्यावर अंडीं ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून केलेले आडोसे, एका बशींत गाजराच्या चकत्या, आणि पिलें पाण्यांत बुडून मरूं नयेत म्हणून वाटींत ओला स्पंज. आंत मादागास्कर बेटांतील जातीचीं झुरळें होतीं. स्नेह्यांच्या कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांनीं तीं एका हौशी मित्राकडून आणलीं होतीं. आम्ही वांकून पाहत आहों तोंच वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, आतां तुम्हींच सांगा. ओट्याखालचीं झुरळें मी मारतें, आणि हा येथें तींच वाढवितो! एका घरांत दोन न्याय कसे चालावे?” यावर चिरंजीव म्हणाले, “काका, हीं वेगळीं आहेत. हीं मोरींत राहणारीं नव्हेत.”

मुलाचें उत्तर खोटें नाहीं. झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. त्यांपैकीं मनुष्याच्या वस्तीचा आश्रय घेणाऱ्या जाती सुमारें तीसच. बाकीचीं बहुतेक रानांत, पालापाचोळ्यांत आपलें आयुष्य काढतात. आपल्या मोरींतल्या मोठ्या तांबूस झुरळास लिनिअसनें १७५८ सालीं अमेरिकेचें नांव दिलें, परंतु त्याचें मूळ आफ्रिकेंत. व्यापारी गलबतांतून तें जगभर पसरलें. मादागास्करचें झुरळ दोन-तीन इंच लांबीचें आणि पंख नसलेलें असतें. त्यास डिवचलें म्हणजे अंगावरील श्वसनछिद्रांतून जोरानें हवा सोडून तें सापासारखा फूत्कार करतें. मादी अंड्यांची कोषिका शरीरांतच बाळगते आणि जिवंत पिलांस जन्म देते. प्रत्येक कात टाकल्यावर पिलूं कांहीं वेळ पांढरेंशुभ्र दिसतें, मग त्याचा रंग गडद होतो. हा सगळा प्रकार पाहत बसणाऱ्या मुलास आम्ही वेडा म्हणणार नाहीं.

परंतु वहिनींचा प्रश्न यानें सुटत नाहीं. मोरींतलें झुरळ त्या मारतात तें तें कुरूप आहे म्हणून नव्हे. तें घाणींतून अन्नावर येतें, रोगजंतु पसरवितें, आणि त्याची विष्ठा व टाकलेली कात धुळींत मिसळून दम्याचा विकार बळावतो. ज्या बाईस घरांतल्या लेकरांची काळजी आहे तिला तें मारण्याचा अधिकार नाहीं, असें कोण म्हणेल? मग प्रश्न उरतो तो असा: एक जीव मारावा आणि त्याच्याच कुळांतला दुसरा जपावा, यांत कांहीं नीति आहे, कीं ही केवळ आपली लहर?

या प्राण्याकडे पाहण्याच्या दोन जुन्या तऱ्हा आपल्या प्रांताच्या ओळखीच्या आहेत. मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ सालीं दंगा झाला, आणि १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभा राहिला. गुजराथेंतील कांहीं जुन्या पांजरपोळांत तर ‘जीवातखाना’ नांवाची स्वतंत्र खोली असे. धान्यांत सांपडलेले किडे तेथें नेऊन सोडीत. हसणाऱ्यांनीं या खोलीस हसावें. परंतु कोणता जीव देखणा आणि कोणता ओंगळ, हें न विचारतां तेथें दार उघडलें जाई, हें विसरूं नये. मात्र तो किडा कसा जगतो, त्यास काय हवें, याची चौकशी तेथें फारशी होत नसे. ती दया होती, ओळख नव्हती.

दुसरी तऱ्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेची. मेणाच्या ताटलींत टाचण्यांनीं खोंचलेलें झुरळ फाडून त्याची पचनसंस्था मांडून दाखविणें, ही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांची दीक्षा होती. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं प्राण्यांचें विच्छेदन टप्प्याटप्प्यानें बंद करण्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं आणि २०१४ सालीं याबाबत अधिक कडक धोरण स्वीकारलें. त्या ताटलीभोंवतीं उभ्या राहिलेल्यांस झुरळाच्या मुखाचे सर्व भाग तोंडपाठ असत. पण तो प्राणी जिवंतपणीं आपल्या मिशा तोंडांत धरून किती निगुतीनें साफ करतो, हें त्यांतल्या किती जणांनीं पाहिलें असेल? ती ओळख होती, दया नव्हती.

पाळणारा हौशी मनुष्य या दोहोंच्या मध्यें उभा असतो, आणि म्हणूनच आम्हांस त्याचा विचार करावासा वाटला. त्याच्या ठायीं दया आणि ओळख एकत्र येण्याचा संभव आहे. तसाच दोन्हींच्या जागीं केवळ मालकीचा अभिमान येण्याचाही संभव आहे.

कोणी म्हणेल, किड्यास काय कळतें? त्यासाठीं नीतीची एवढी उठाठेव कशाला? यास आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, कांहीं संशोधकांनीं २०२२ सालीं कीटकांच्या वेदनेविषयींचा उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हां प्रौढ माशा-डांस आणि झुरळें-वाळवी या दोन गणांच्या बाबतींत तो सर्वांत बळकट आढळला. खात्रीनें कोणी कांहीं सांगितलेलें नाहीं. पण जेथें शंका आहे तेथें सावधगिरी बाळगणें हेंच सुजाणपणाचें. दुसरें असें कीं, प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या आपल्या १९६० सालच्या कायद्यानें ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या ‘मनुष्याखेरीज कोणताही सजीव’ अशी केली आहे. शब्दशः पाहतां झुरळही तींत बसतें. आणि त्याच कायद्यानें, ज्याच्या ताब्यांत किंवा देखभालींत प्राणी असेल त्यावर त्या प्राण्याचें हित सांभाळण्याचें कर्तव्य घातलें आहे.

‘ताब्यांत’ या शब्दांतच वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. कर्तव्य हें केवळ प्राण्याच्या जातीवरून ठरत नाहीं. आपण त्याच्याशीं जोडलेल्या नात्यावरूनही ठरतें. ओट्याखालचें झुरळ आपल्या पायांनीं आलें आहे, आणि त्याच्या वाटा त्यास मोकळ्या आहेत. अन्न झांकून ठेवावें, फटी बुजवाव्या, आणि मारणें भागच पडलें तर झटकन् मारावें, अर्धमेलें तडफडत ठेवूं नये, एवढेंच आपलें त्याच्याशीं देणें. पेटींतलें झुरळ मात्र आपण होऊन आलेलें नाहीं. त्याचें रान आपण काढून घेतलें, त्यास उपाशी राहण्याचेंही स्वातंत्र्य ठेवलें नाहीं. म्हणून त्याची भूक आतां आपली झाली. ज्यास आपण असहाय केलें त्याचे आपण ऋणी आहों. तेव्हां एका घरांत दोन न्याय नाहींत. न्याय एकच आहे, नातीं दोन आहेत.

पाळण्यापेक्षां पैदास ही आणखी जोखमीची गोष्ट. मिळालेला जीव सांभाळणें वेगळें, आणि पेटींत नवा जीव जन्मास घालणें वेगळें. त्याच्या जन्मास आपली हौसच कारण असते. आम्हीं चिरंजीवांस विचारलें, “किती आहेत हीं?” ते हसून म्हणाले, “सहांपासून सुरुवात केली, काका. आतां मोजलीं नाहींत.” खरें सांगावयाचें तर वहिनींच्या हातांतल्या चपलेनें आम्हांस जितकें अस्वस्थ केलें नसतें तितकें या उत्तरानें केलें. ज्यांस आपण मोजत नाहीं त्यांस आपण सांभाळतों, असें म्हणतां येत नाहीं. वाढलेलीं झुरळें मग कोठें जातात? कोणी तीं पाळीव सरड्यांच्या आणि माशांच्या तोंडीं देतो, कोणी कंटाळून पेटीच बाहेर रिती करतो. परदेशी जात मोकळी सोडणें हा तर त्या जीवाचा आणि येथल्या भूमीचा, दोघांचाही अपराध. परदेशांतून जिवंत कीटक आणावयाचे तर सरकारी परवानगी लागते, ती याच भीतीनें.

आम्ही हें सर्व त्या मुलास सांगितलें. त्यानें वाद घातला नाहीं. पुढें दिवाळीच्या सुमारास स्नेह्यांचें पत्र आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, चिरंजीवांनीं एका सुटीच्या दिवशीं सबंध पेटी उपसून मोजदाद केली, एकशें बारा भरलीं. नर आणि माद्या आतां निरनिराळ्या पेट्यांत आहेत. परीक्षेसाठीं ते आठ दिवस मुंबईस गेले, तेव्हां गाजराच्या चकत्या रोज वहिनींनीं घातल्या. नाकास पदर लावून, पण एकही दिवस न चुकतां. आणि त्याच आठवड्यांत त्यांनीं ओट्याखालीं विषारी खडूची नवी रेघही ओढली.

झुरळ पाळावें काय, असें आम्हांस कोणी विचारील तर आम्ही त्यास उलट विचारूं: तुम्हांला मोजतां येतील इतकींच ठेवाल काय?