मिनिटाला किती शब्द

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी दहावीतल्या एका मुलीला मी पहिल्यांदा संगणकासमोर उभं केलं. तिचे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले, घरी फक्त आजी. वर्गात ती बोलायला उठली की मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या ‘पानी’ची नक्कल करायचं. त्या हसण्यानं तिचा आवाज पार आत गेला होता. रिकाम्या खोलीत, यंत्रासमोर मात्र ती सलग सहा मिनिटं बोलली. यंत्र हसत नाही. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या पोरांसाठी ही एवढी गोष्टही मला मोठी वाटते.

या यंत्रांचं काम समजायला अवघड नाही. आवाज ऐकून त्याचे शब्द करायचे, मिनिटाला किती पडले ते मोजायचं, ‘अं’सारखे अडखळण्याचे शब्द वेगळे काढायचे, स्वर एकसुरी झाला की खूण करायची. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये पॉवरपॉइंटला असा सराव घेणारा प्रशिक्षक जोडला. पडद्यावरचा मजकूर नुसता वाचून दाखवला तरी तो टोकतो. त्याआधी 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एहसान होक आणि सहकाऱ्यांनी नोकरीच्या मुलाखतीचा सराव करून घेणारी एक प्रणाली 90 विद्यार्थ्यांवर तपासली होती. काहींनी फक्त आपली चित्रफीत पाहिली. काहींना तिच्याबरोबर आपलं हसणं, थांबणं, स्वराचे चढउतार यांची नोंदही मिळाली. पुढच्या मुलाखतीत ठळक सुधारणा दिसली ती नोंद मिळालेल्यांत. आरसा पुरत नाही, आरशात काय पाहायचं तेही कुणीतरी दाखवावं लागतं. म्हणूनच दाखवणाऱ्याच्या हातातलं माप कुठून आलं, हे विचारायला हवं.

शब्दांचंच घ्या. ‘शेतकऱ्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढंच सांगायला ‘टू द फार्मर्स ऑल्सो’ असे चार लागतात. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून येतात. बोलणाऱ्याची जीभ तितकीच चालते, पण शब्दांची संख्या कमी भरते. इंग्रजीवर बसवलेलं गतीचं माप मराठीला लावलं तर ते नीट बोलणाऱ्या मुलीलाही संथ ठरवील आणि तिला घाई करायला शिकवील. आपल्याकडे लघुगुरू आणि मात्रा मोजण्याची शेकडो वर्षांची सवय आहे. मराठीची गती अक्षरांनी किंवा मात्रांनी मोजावी, हे आपल्या छंदशास्त्राला सांगायला नको. यंत्र घडवणाऱ्यांना मात्र आपणच सांगायला हवं.

याहून अवघड गोष्ट ‘बरं का’ची आहे. आमच्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, आणि बोलणं म्हणजे काय हे इथलं पोर आधी कीर्तनातच ऐकतं. कीर्तनकार चरण घेतो, दृष्टांत उलगडतो, मध्येच ‘बरं का मंडळी’ म्हणतो, वाक्याचा शेवटचा शब्द गिळून थांबतो आणि समोरचा मांडव तो शब्द पुरा करतो. मग टाळ-मृदंग उचलून धरतात. यंत्राच्या हिशेबात ‘बरं का’ हा भरतीचा शब्द, अपुरं वाक्य ही चूक आणि तो विराम म्हणजे अडखळणं. खरं तर तेवढ्या जागेत ऐकणाऱ्याला बोलण्यात ओढून घेतलेलं असतं. उलट, सरांनी लिहून दिलेलं आणि पोरानं घोकलेलं स्पर्धेचं भाषण यंत्रापुढे निर्दोष ठरतं: कुठे ‘अं’ नाही, गती एकसारखी, हातवारेसुद्धा ठरलेले. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं त्याच पाठांतराला ढाली दिल्या आणि ‘पानी’ म्हणणाऱ्याचे गुण कापले. तीच चूक यंत्राला शिकवली, तर ती पुसणं फार कठीण जाईल.

1967 मध्ये बीडनं लोकसभेवर निवडून पाठवले ते क्रांतिसिंह नाना पाटील, मूळचे सातारा भागातले. परजिल्ह्यातून आलेल्या या माणसाची शिदोरी म्हणजे त्यांचा लढा आणि खेड्यातल्या माणसाला आपली वाटणारी वाणी. त्या रांगड्या बोलीला आज कुठलं यंत्र किती गुण देईल?

तरी यंत्र नको, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी भाषण ऐकून घ्यायला कुणी मोकळं नाही, त्यांना ते हवंच. 2022 मध्ये केंद्र सरकारनं यंत्राला भारतीय भाषा समजाव्यात म्हणून ‘भाषिणी’ सुरू केली. अशा कामांत मराठवाड्याची ‘करायलोय’, ‘येऊ लालो’ ही बोलणी भरपूर जायला हवीत. कीर्तनं परवानगीनं ध्वनिमुद्रित व्हावीत आणि कुठे माना डोलल्या याच्या खुणा गावातल्याच जाणत्या ऐकणाऱ्यांनी कराव्यात. यंत्राला हे जमेल तितकं जमेल, पण निदान माप तरी आपल्या मांडवातलं असेल.

त्या मुलीचं ‘अं’ महिनाभरात खूप कमी झालं. मग तिनं भाषण रेकॉर्ड करून आईला पाठवलं. ट्रकमध्ये मोळ्या भरून झाल्यावर आईनं ते कोपीत बसून ऐकलं आणि रात्री फोन केला. भाषण ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर होतं. आई म्हणाली, “चांगलं बोललीस गं. पण हे तू कोनाला सांगू लालीस? मला का सरांना?”

दुसऱ्या दिवशी तिनं वहीतलं ‘आदरणीय व्यासपीठ’ खोडलं आणि त्या जागी ‘माय’ लिहिलं.